ध्वजावरील बोधिपर्ण : महावंस आणि विसुद्धिमग्ग यांच्या साक्षीने

श्रीलंकेच्या राष्ट्रध्वजावर खड्गधारी सिंहाच्या चारही कोपऱ्यांत एकेक पिंपळपान आहे. १९७२ साली तो देश प्रजासत्ताक झाला, तेव्हा ध्वजावरील पूर्वीच्या टोकदार नक्षीच्या जागी ही पाने आली. मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा या चार ब्रह्मविहारांची ही प्रतीके आहेत, असा त्यांचा अधिकृत अर्थ सांगितला जातो. एखाद्या वनस्पतीचे पान राष्ट्राचे चिन्ह कसे बनते, याचे बौद्ध अभ्यासकाच्या दृष्टीने याहून जवळचे उदाहरण सापडणे कठीण. प्रस्तुत लेखात या चिन्हाची समीक्षा एखाद्या ग्रंथाची करावी त्या पद्धतीने करण्याचे आम्ही योजिले आहे. ध्वजावरील पान हा मूळ पाठ, आणि त्याचा सांगितलेला अर्थ ही त्यावरील अट्ठकथा. मूळ पाठ कोणत्या परंपरेतून आला, अट्ठकथा कोणत्या परंपरेतून आली, आणि या दोहोंचा परस्परांशी मेळ बसतो काय, हा आमचा प्रश्न आहे.

या पानांविषयी सामान्यतः दोन मते ऐकू येतात. पहिल्या मतानुसार तथागतांच्या सम्बोधीची खूण एका राष्ट्राने ध्वजावर धारण करावी हा धम्माचा गौरव होय. दुसऱ्या मतानुसार ती केवळ बहुसंख्य समाजाने राज्यावर उमटविलेली मोहोर होय. पहिले मत पानाकडे श्रद्धेने पाहते, दुसरे राजकारणाच्या अंगाने. परंतु पालि वाङ्मय स्वतः या पानाविषयी काय म्हणते, हे विचारण्याचे कष्ट दोन्ही पक्षांनी फारसे घेतलेले नाहीत.

प्रथम वृक्षाचाच विचार करू. पिंपळाला बौद्धांनी पूज्य मानले त्यापूर्वी कितीतरी शतके तो या भूमीत पूज्य होता. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर पिंपळपान स्पष्ट ओळखू येते. त्रिपिटकात त्याला जे स्थान मिळाले ते वृक्षाच्या जातीमुळे नव्हे, तर त्याच्या छायेत घडलेल्या घटनेमुळे. दीघनिकायातील महापदानसुत्त सात बुद्धांची नावे सांगते आणि प्रत्येकाचा बोधिवृक्ष वेगळा सांगते. विपस्सींचा पाटली, सिखींचा पुंडरीक, वेस्सभूंचा साल, ककुसंधांचा शिरीष, कोणागमनांचा औदुंबर, कस्सपांचा वड, आणि गोतम बुद्धांचा अश्वत्थ. म्हणजे ‘बोधी’ ही संज्ञा कोणत्याही एका वनस्पतीची मालमत्ता नाही. सम्बोधी ज्या वृक्षाखाली झाली तो बोधिवृक्ष, एवढाच तिचा अर्थ.

कालिंगबोधि-जातकाच्या प्रास्ताविक कथेत हा विचार अधिक सूक्ष्म झाला आहे. भगवान चारिकेला गेले असता जेतवनात फुले घेऊन आलेल्या लोकांना पूजेसाठी काहीच आधार उरत नाही, म्हणून आनंद चैत्यांचे प्रकार विचारतात. भगवान तीन प्रकार सांगतात : शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक. शरीरधातूचे चैत्य परिनिर्वाणानंतरच संभवते. उद्देशिक, म्हणजे केवळ उद्देशून कल्पिलेले चैत्य, त्याला वास्तव आधार नसतो, ते मनाच्या कल्पनेवर उभे असते. बोधिवृक्ष मात्र बुद्धांनी प्रत्यक्ष उपयोगिलेला, म्हणून पारिभोगिक; तो बुद्ध हयात असतानाही आणि नंतरही वंदनीय. पुढे मोग्गल्लान गयेहून फळ आणतात, अनाथपिंडिक ते जेतवनाच्या द्वाराशी रुजवतो, आणि तोच ‘आनंदबोधी’ होतो. या वर्गीकरणाच्या कसोटीवर ध्वजावरचे पान कोठे बसते? ते शारीरिक नाही, पारिभोगिकही नाही. कापडावर रंगविलेले पान फार तर उद्देशिक ठरेल. ज्या चैत्याला वास्तव आधार नाही, त्याला आधार द्यावयाचा तो पूजकाच्या चित्ताने आणि आचरणाने. जिवंत वृक्ष स्वतःच्या मुळांवर उभा राहतो. रंगविलेल्या पानाला मूळ नसते, ते त्याला पुरवावे लागते. आमच्या पुढील विवेचनाचा हाच पाया आहे.

आता मूळ पाठाची परंपरा पाहू. सिंहलद्वीपाला बोधिवृक्ष मिळाला त्याची कथा दीपवंस आणि समन्तपासादिका यांत येते. तिचा विस्तार महावंसाच्या अठराव्या आणि एकोणिसाव्या परिच्छेदांत आहे. देवानंपियतिस्स राजाच्या विनंतीवरून सम्राट अशोक बोधिवृक्षाची दक्षिण शाखा थेरी संघमित्तेबरोबर पाठवितो. या कथेतील एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. महाबोधीला शस्त्र लावणे अनुचित, मग शाखा मिळवावी कशी, असा अशोकापुढे पेच पडतो. अखेर तो मनशिळेने शाखेवर केवळ एक रेषा ओढतो आणि शाखा आपोआप विलग होते. त्याच परिच्छेदांत दुसरीही एक गोष्ट घडते : अशोक महाबोधीला आपले राज्य अर्पण करून राजपदाचा मान देतो आणि लंकेत देवानंपियतिस्स तेच करतो. म्हणजे वृक्षाला राज्याभिषेक झाला तो १९७२ साली नव्हे, तर महावंसाच्या पानांत, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी. पान राष्ट्रचिन्ह होण्याचे बीज येथे आहे. सम्बोधीचा साक्षी असलेला वृक्ष प्रथम राजाचा अतिथी झाला, मग स्वतःच राजा झाला, आणि राजेशाही संपल्यावर राष्ट्र झाला.

तथापि महावंसाचा आधार घेणारे त्याची एक बाजू वाचतात आणि दुसरी सोडून देतात. नौका ताम्रलिप्तीहून निघून जम्बुकोल बंदराला लागली. हे बंदर लंकेच्या उत्तर टोकाला, आजच्या जाफना द्वीपकल्पात होते. अनुराधपुरात महामेघवनात वृक्षारोपण झाल्यावर जी पहिली आठ रोपे निघाली, त्यांतील एक जम्बुकोलालाच लावले गेले, आणि दुसरे तिवक्क नावाच्या ब्राह्मणाच्या गावी. दक्षिणेतील कजरगामालाही एक गेले. मागाहून आलेली बत्तीस रोपे योजना-योजनांच्या अंतरावरील विहारांना वाटली गेली. ज्या प्रदेशाला आधुनिक राजकारणाने परका ठरविले, तो महावंसाच्या भूगोलात बोधिवृक्षाचा उंबरठा आहे. आणि तो वृक्ष आला तोही समुद्रापलीकडून, एका स्त्रीच्या देखरेखीखाली. जे स्वतः पाहुणे म्हणून आले, त्याला मालकीची खूण करणे हे महावंसालाही पूर्णतः मानवणारे नाही.

ध्वजाचा अर्वाचीन इतिहास थोडक्यात असा. १८१५ साली कँडीचे राज्य ब्रिटिशांच्या हाती गेले, तेव्हा अखेरचा राजा श्री विक्रम राजसिंह याचा सिंहध्वज मागे पडला. हा राजा दक्षिण भारतातून आलेल्या नायक्कर घराण्यातला होता, ही गोष्टही सहसा विसरली जाते. १९४८ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर सिंहध्वजाचे पुनरुज्जीवन झाले. केवळ सिंह हा एकाच समाजाचा म्हणून आक्षेप आले, तेव्हा १९५१ साली स्वीकारलेल्या ध्वजात काठीच्या बाजूला दोन उभे पट्टे घालण्यात आले : हिरवा मुस्लिमांसाठी, केशरी तमिळांसाठी. पुढे २२ मे १९७२ रोजी नवी राज्यघटना अमलात आली. तिच्या सहाव्या कलमाने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले आणि त्याचे रक्षण-संवर्धन हे राज्याचे कर्तव्य ठरविले. इतर धर्मांच्या स्वातंत्र्याची हमीही त्याच कलमात नमूद झाली. १९७८ च्या घटनेत हीच तरतूद नवव्या कलमात आली. ध्वजावरील पाने या घटनात्मक बदलाची सोबती आहेत. त्यांना त्यापासून वेगळे काढून वाचता येणार नाही.

येथे दुसऱ्या एका पानाची तुलना उपयोगी पडेल. कॅनडाने १९६५ साली आपल्या ध्वजावर मेपल वृक्षाचे एकच लाल पान घेतले. त्यापूर्वीच्या ध्वजावर ब्रिटनची खूण होती, आणि फ्रेंचभाषक समाजाला ती आपली वाटत नव्हती. नवे पान इंग्रजांचे नव्हते आणि फ्रेंचांचेही नव्हते. ते त्या भूमीत वाढणाऱ्या झाडाचे होते. तेथे पान निवडले गेले ते कोणा एकाचे नव्हते म्हणून. श्रीलंकेत ते निवडले गेले ते एका समाजाला परमपूज्य होते म्हणून. पहिल्या पानाला अर्थ थोडा, म्हणून त्यावर भारही थोडा. दुसऱ्या पानाला अडीच हजार वर्षांचा अर्थ, आणि म्हणून त्याची जबाबदारीही तेवढीच मोठी.

त्या अर्थाकडे, म्हणजे अट्ठकथेकडे, आता वळू. बोधिवृक्षाची चार पाने म्हणजे चार ब्रह्मविहार, ही सांगड त्रिपिटकाने घातलेली नाही. तेथे वृक्षाचा संबंध सम्बोधीशी आहे आणि ब्रह्मविहारांचा चित्तभावनेशी. ध्वजाला कोपरे चार आणि ब्रह्मविहारही चार, म्हणून ही जोडणी सोयीची झाली. ती सोयीची असली तरी तिला आमचा आक्षेप नाही. उलट ती करणाऱ्यांनी स्वतःवर केवढे ओझे घेतले, हे त्यांना उमगले नसावे. कारण ब्रह्मविहारांचा सर्वांत सविस्तर विचार ज्या ग्रंथाने केला, तो विसुद्धिमग्ग आचार्य बुद्धघोषांनी अनुराधपुराच्या महाविहारातच रचला. श्रीमहाबोधी ज्या महामेघवनात आहे, त्याच आवारात. म्हणून त्या पानाचा अर्थ त्याच्याच छायेत लिहिलेल्या ग्रंथाला विचारणे हे सर्वथा न्याय्य होय.

विसुद्धिमग्गाचा नववा परिच्छेद ब्रह्मविहारांचा आहे. त्यांचे दुसरे नावच ‘अप्पमञ्ञा’, म्हणजे ज्यांना प्रमाण नाही, मर्यादा नाही. मेत्ताभावनेची परिपूर्ती कशात, तर ‘सीमासंभेदा’त. स्वतः, प्रिय, मध्यस्थ आणि वैरी या चौघांमधील सीमा भंगली पाहिजे. त्यासाठी बुद्धघोष एक दृष्टान्त देतात. साधक प्रिय, मध्यस्थ आणि वैरी अशा तिघांसह बसला आहे. चोर येऊन बळी देण्यासाठी एक भिक्खू मागतात. ‘अमक्याला न्या’ असे त्याच्या मनात आले, तर सीमा भंगली नाही. ‘मला न्या, या तिघांना सोडा’ असे आले, तरीही भंगली नाही, कारण ज्याला न्यावे असे वाटते त्याचे अहित त्याने इच्छिलेच. चौघांतील एकही देण्याजोगा दिसत नाही, तेव्हाच सीमासंभेद झाला. आत्मबलिदानालाही जेथे पुरेसे मानलेले नाही, एवढी ही कसोटी कठोर आहे.

त्याच परिच्छेदात प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगितले आहेत : एक दूरचा, उघड, दुसरा जवळचा, मित्राच्या वेषातला. मेत्तेचा दूरचा शत्रू व्यापाद, म्हणजे द्वेष. जवळचा राग, म्हणजे आसक्ती. करुणेचा जवळचा शत्रू ‘गेहसित’ दौर्मनस्य, म्हणजे घराशी बांधलेले दुःख. मुदितेचा गेहसित सौमनस्य, घराशी बांधलेला आनंद. उपेक्खेचा अज्ञानातून आलेली बेपर्वाई. या यादीकडे राष्ट्र नावाच्या घराच्या दृष्टीने पाहिले म्हणजे तिची तीक्ष्णता कळते. केवळ आपल्या लोकांवरील प्रेम मेत्तेसारखे दिसते. केवळ आपल्या मृतांसाठी ढाळलेले अश्रू करुणेसारखे दिसतात. केवळ आपल्या विजयाचा उत्सव मुदितेसारखा दिसतो. आणि दुसऱ्याच्या दुःखाकडे केलेले दुर्लक्ष उपेक्खेसारखे दिसते. राष्ट्रध्वजाखाली ब्रह्मविहार जगतील काय, याची चिंता करताना दूरच्या शत्रूंची नावे सर्वांनाच ठाऊक असतात. खरा धोका या चार जवळच्या शत्रूंचा आहे.

या कसोटीने ध्वजाची रचना पाहावी. चार पाने आहेत ती केवळ सिंहाच्या किरमिजी चौकटीत. हिरवा आणि केशरी हे दोन पट्टे त्या चौकटीबाहेर आहेत, आणि मध्ये पिवळी किनार आहे. म्हणजे ब्रह्मविहार एका समाजाच्या घरात चारही कोपऱ्यांत मांडलेले, आणि इतर दोन समाज त्या घराबाहेर. ‘अप्पमञ्ञा’ला येथे किनार लागली आहे. शिवाय चारही पानांच्या मधोमध सिंहाच्या पंजात उगारलेले खड्ग आहे. ज्या वृक्षाला शस्त्राचा स्पर्श नको म्हणून महावंसातील अशोकाने केवळ रेषा ओढली, त्याच वृक्षाची पाने येथे शस्त्राच्या भोवताली आहेत. ध्वज तयार करणाऱ्यांचा तसा हेतू होता असा आमचा आरोप नाही. परंतु चिन्ह काय म्हणते, हे चिन्ह करणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नसते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की सीमा धम्मालाही वर्ज्य नाही. संघकर्मासाठी विनयाने सीमा आवश्यक मानली आहे, आणि महाविहाराची सीमा देवानंपियतिस्साने स्वतः नांगर धरून आखल्याची कथा महावंसातच आहे. मग राज्याने आपली सीमा का आखू नये? आक्षेप योग्य आहे. राज्याला सीमा हवीच. पण विनयातील सीमा ठरविते ती इतकेच की उपोसथाला कोणी एकत्र जमावे. मेत्ता कोठवर पोहोचावी हे ती ठरवीत नाही. राज्याच्या सीमेची खूण म्हणून सिंह पुरेसा होता. तेथे पान आणून त्याला मेत्ता म्हटल्यावर सीमेचा नव्हे, सीमासंभेदाचा शब्द दिला गेला.

दिलेला शब्द पाळला गेला काय? याचे उत्तर इतिहासाने दिले आहे. १९८१ साली जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले, आणि सुमारे सत्त्याण्णव हजार ग्रंथांबरोबर ताडपत्रांवरील हस्तलिखितेही भस्म झाली. ज्या पानांवर माणसांनी विद्या जपली होती, ती पाने जळताना ध्वजावरील पाने त्यांचे रक्षण करू शकली नाहीत. १९८३ च्या जुलैमध्ये तमिळांची हत्याकांडे झाली. १४ मे १९८५ रोजी तमिळ वाघांनी अनुराधपुरात, श्रीमहाबोधीच्या आवारातही, शंभराहून अधिक निःशस्त्र माणसांना ठार केले. युद्ध संपले ते २००९ च्या मे महिन्यात, हजारो नागरिकांच्या मृत्यूनंतर. बुद्धघोषांच्या दृष्टान्तातील चोर या सर्व काळात दोन्ही पक्षांच्या दाराशी येत होते, आणि ‘अमक्याला न्या’ हेच उत्तर त्यांना दोन्हीकडून मिळत होते.

त्या उत्तराला महावंसातही आधार शोधला गेला. लढाईनंतर खिन्न झालेल्या दुट्ठगामणीला अर्हत सांगतात की या संहारात खरे तर दीडच मनुष्य मेला : एक सरणागत, दुसरा पंचशील घेतलेला, अशी हिशेबाची भाषा तेथे आहे, उरलेले जणू पशू. विद्वानांना हा प्रसंग सुपरिचित आहे. त्याच महावंसाने चोल राजा एळाराच्या न्यायीपणाची स्तुती केली आणि दुट्ठगामणीने त्याच्या समाधीला मान दिल्याचे नोंदविले, हेही सांगितले पाहिजे. परंतु दीड माणसाचा हिशेब आणि ‘चौघांतील एकही देण्याजोगा नाही’ हा दृष्टान्त, दोन्ही एकाच महाविहाराच्या परंपरेत, साधारण एकाच शतकात लिहिले गेले. आमच्या मते ध्वजावरील पानाचे सारे कोडे येथे उलगडते. पान आले आहे महावंसातून आणि त्याचा अर्थ आला आहे विसुद्धिमग्गातून. मूळ पाठ एका परंपरेचा, अट्ठकथा दुसऱ्या. आणि या दोहोंतील वाद महाविहाराने मिटविला नाही, तो ध्वजावर तसाच फडकतो आहे.

हा विचार केवळ शेजाऱ्याच्या घराचा नाही. भारतरत्न या सन्मानाचे पदक १९५५ पासून पिंपळपानाच्या आकाराचे आहे, आणि १९९० साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मरणोत्तर दिला गेलेला सन्मान तो हाच. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष भदन्त आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपुराहून आणलेल्या रोपांचा; म्हणजे संघमित्तेने नेलेली शाखा आमच्या अंगणात परत आली आहे. महाराष्ट्रातील विहारांच्या कमानींवर, लग्नपत्रिकांवर, ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर आज पिंपळपान सर्वत्र दिसते. मुले पिंपळपान वहीत ठेवतात. कालांतराने त्याचा हिरवा गर जातो आणि सुंदर जाळी तेवढी उरते. चिन्हांचेही असेच होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणेवर न थांबता मैत्रीपर्यंत जाण्यास सांगितले, कारण करुणा मनुष्यापुरती आणि मैत्री प्राणिमात्रापर्यंत. असे असता पिंपळपान छापलेल्या पत्रिकेतील सोयरीक जर पूर्वीच्या पोटजातीची सीमा पाहूनच ठरत असेल, तर त्या पानाला किनार आम्हीही लावली आहे. श्रीलंकेच्या ध्वजाला लावलेली कसोटी आमच्या पत्रिकेलाही लागू होते.

पान ध्वजावरून काढावे, असे आमचे म्हणणे नाही. उद्देशिक चैत्य निराधार असते म्हणून ते त्याज्य ठरत नाही. त्याला आधार द्यावा लागतो, एवढेच. ज्यांनी त्या चार पानांना ब्रह्मविहारांची नावे दिली, त्यांनी आपल्या टीकाकारांच्या हाती जगातील सर्वांत नेमकी मोजपट्टी दिली आहे, आणि ही त्या चिन्हाची थोरवीच मानली पाहिजे. सिंहाला ‘तू मेत्तेशी प्रामाणिक आहेस काय’ असे कोणी विचारू शकत नाही. पानाला विचारू शकतो. श्रीलंकेतील तमिळ नागरिकाने, मुस्लिम नागरिकाने ते विचारावे, तेथील भिक्खूंनीही विचारावे. आणि येथे आमच्या उपासक-उपासिकांनी आपल्या दारावरील पानाला तेच विचारावे.